'येते' म्हणायची जागा

मंडळी, तुमच्याही घरी हॉस्पिटलमधून निघताना 'येतो' म्हणत नाहीत ना?

आज लेकीच्या अ‍ॅडमिशनसाठी कोपरहून ठाण्याला गेलेले. युनिव्हर्सिटीचा नवा कॅम्पस जुन्या हॉस्पिटलच्या जागेवर झालाय. माझे सासरे त्याच हॉस्पिटलात वारले. आता वॉर्ड नाही, ओपीडी नाही, सगळीकडे वर्ग. गेटवरचे वॉचमनकाका तेवढे तेच.

निघताना सवयीने म्हटलं, "काका, येते." आणि लगेच जीभ चावली.

काका हसले. "म्हणा की ताई! इतकी वर्षं या गेटवर कुणाला 'परत या' म्हणता आलं नाही."

मग लेकीकडे वळून म्हणाले, "सोमवारी ये गं पोरी."

"येते काका," मोबाईलमधून मान वर न करता ती म्हणाली. तिला त्यात काही वाटायचं कारणच नव्हतं.