घर पाहावं घासून

आमच्या भावजींना जगाची शिसारी येते. कोणाला पित्ताचा त्रास असतो, कोणाला दम्याचा, तसा भावजींना जगाचा त्रास आहे. बसचा दांडा ते रुमालाने धरतात आणि उतरल्यावर त्या रुमालाकडे असं बघतात, की जणू त्याने घराण्याचं नाव घालवलं. हॉटेलात कपाच्या कानाजवळून कोणी चहा पीत नाही, म्हणून ते नेमके तिथूनच, मान वाकडी करून पितात. अर्धा चहा शर्टावर सांडतो. मग शर्टाचीही शिसारी.

काही नातेवाईक याचा दोष धंद्याला देतात. भावजींची लॉन्ड्री आहे. लोकांच्या कॉलरी आतून बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं माणसांबद्दल मत चांगलं राहणार कसं? रस्त्यात कोणी सुटाबुटातला गृहस्थ दिसला आणि मी कौतुकाने बघू लागलो, की भावजी कानाशी येतात. "तो? शी! त्याच्या बाह्या बघ एकदा उलट्या करून." पण मला विचाराल तर ही खोड मूळचीच. लॉन्ड्री नंतर आली, शी आधी. लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्चीवर फुंकर मारली होती. आमचे वडील आईला हळूच म्हणाले, "चला, पोरीच्या हातचा केर सुटला."

आणि पोरगी, म्हणजे माझी थोरली ताई, बरोबर उलटी. ती इस्पितळाच्या तपासणी प्रयोगशाळेत आहे. माणसाच्या शरीरातून जे जे बाहेर पडतं आणि ज्याचं नाव जेवताना काढत नाहीत, ते ती दिवसभर काचेवर पसरून बघते आणि घरी येऊन पोटभर जेवते. मेलेला उंदीर ती शेपटीला धरून, फोनवर बोलता बोलता बाहेर टाकून येते. तिला मी जन्मात कशालाही 'शी' म्हणताना ऐकलं नव्हतं. घरातल्या सगळ्या शी भावजींनीच वापरून संपवल्या असाव्यात.

तर अशा या जोडप्यावर घर शोधायची पाळी आली. इस्पितळाची प्रयोगशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाजवळ गेली आणि त्याच वेळी ताई तिथली प्रमुख झाली. काचा धुण्यापासून सुरुवात केलेली बाई! आनंद व्हायला हवा होता. पण भावजींचं घर लॉन्ड्रीच्या डोक्यावर, तिथून रेल्वे गाठायची म्हणजे दोन बस. अंधारात निघायचं, अंधारात यायचं. एकदा ती बसमध्ये अशी गाढ झोपली, की थेट डेपोत पोहोचली. ड्रायव्हरने उठवलं तेव्हा म्हणे तिने त्याला नमुन्याची बाटली मागितली. आम्ही हसलो. ती हसली नाही.

"उन्हाळ्यापर्यंत लाइनवर घर मिळालं तर बघू," ती म्हणाली. "नाहीतर मी राजीनामा देते. गुडघे माझे आहेत, सरकारी नाहीत."

लाइनवरच्या मधल्या एका स्टेशनाजवळ जुनी वस्ती आहे. घरांपेक्षा झाडं उंच, कोपऱ्यावर वाचनालय, शाळा, बेकरी आणि कुठल्याही दारातून निघा, स्टेशन हाकेच्या अंतरावर. तिथे राहायला सगळ्यांनाच हवं असतं, त्यामुळे एखादा म्हातारा गेला किंवा त्याला मुलांनी नेलं, तरच घर मोकळं होतं. थोडक्यात, तिथलं प्रत्येक घर कोणीतरी मनसोक्त वापरलेलं. आणि भावजींना दुसऱ्याने वापरलेला चमचा चालत नाही.

एजंटचं दुकान स्टेशनच्या जिन्याखालीच होतं. माणूस कडक इस्त्रीचा. हसूसुद्धा घडी मोडून काढल्यासारखं. ताईला रजा मिळेना, म्हणून घरं बघायचं काम भावजींकडे आणि भावजींना सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं घर एका एकट्या म्हाताऱ्याचं होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तेव्हा चप्पल जमिनीला चिकटली आणि सुटताना चुंबन घेतल्यासारखा आवाज झाला. शेगडीमागच्या फरश्यांवर तेलाचे थर होते, त्या थरांवर धूळ, त्या धुळीवर पुन्हा तेल. एका बोळक्यात काथ्याची घासणी होती. तिला बुरशीची दाढी आली होती. भावजी एकेका वस्तूपुढे थांबत होते, देवदर्शनाला आल्यासारखे, फक्त चेहरा उलटा.

"शी! शी शी शी! हे बटण बघ. पांढरं होतं हे कधीकाळी. याला बोटं लावून, तीच बोटं पोळीला लावून, पुन्हा... शी!"

"काका, रंग मारला की सगळं झाकलं जाईल," एजंट म्हणाला.

"घाणीवर रंग? म्हणजे मळक्या अंगावर सेंट!" भावजी गरजले. "या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही."

आम्ही निघालो. जिन्यावर भावजी थांबले. त्यांची नजर शून्यात होती.

"तो सिंकमागचा डाग," ते म्हणाले, "गंजाचा नव्हता."

"नसेना का!"

"तसं नाही. जाऊन बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी ते 'दुसऱ्या फेरीला' गेले. बरोबर त्यांची डाग काढायची बॅग होती: सोडा, लिंबाचं सत्त्व, खरवडायची पट्टी, दातांचे जुने ब्रश आणि एक बाटली, जिच्यात काय आहे ते त्यांनी ताईलासुद्धा सांगितलेलं नाही. म्हाताऱ्याने दार उघडलं, भावजींनी बाह्या सारल्या. मी खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसलो. मागून खरवडण्याचा आवाज आणि अधूनमधून "शी!" येत होतं. संध्याकाळी त्या फरश्यांमध्ये तोंड दिसत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "यांच्यावर निळी फुलं आहेत हे मी विसरूनच गेलो होतो."

भावजी खूश. "आता विचार करायला हरकत नाही," ते मला म्हणाले. त्यांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी एजंट म्हणाला, "गेलं की हो ते काका! कोणीतरी आलं, स्वयंपाकघर बघितलं आणि जागेवर हो म्हणालं."

असं पुन्हा झालं. दुसऱ्या घरात न्हाणीघराची जाळी होती आणि जाळीत तीन पिढ्यांचे केस. भावजींनी ते चिमट्याने ओढून काढले, लांबच लांब निघत होते, दोर ओढावा तसे. मला बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं. घर लखलखलं आणि गेलं. तिसऱ्या घरात खिडकीच्या चौकटीत कबुतरांनी वसाहत केली होती. तेही लखलखलं, तेही गेलं. एजंटला आता भावजींचा फार लळा लागला होता. "सावकाश बघा काका. घाई नको. किल्ली राहू दे तुमच्याकडे. पाणी चालू आहे." चौथ्या घरी तर त्याने स्वतःच बादली आणून ठेवली. भावजी मला म्हणाले, "माणूस सज्जन आहे रे. बादली धुतलेली होती."

मला शंका यायला हवी होती. पण खरवडणाऱ्याला वर करायला मान नसते आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याला डोकं.

शेवटी शोध लावला ताईने. एका रविवारी ती आमच्याबरोबर आली. एजंटच्या दुकानाच्या काचेवर विकल्या गेलेल्या घरांचे फोटो लावले होते. 'चकाचक न्हाणीघर, लगेच राहायला या' असं एकाखाली लिहिलं होतं. ताईचे डोळे काचेवरचे ठिपके मोजण्यात तयार झालेले. ती फोटोला नाक लावून उभी राहिली.

"या नळात कोण आहे?"

आम्ही वाकलो. नळ इतका चकचकीत होता, की त्यात फोटोच्या बाहेरचं सगळं दिसत होतं. वाकडंतिकडं एक टक्कल, हातात ब्रश, तोंड 'शी' म्हणण्याच्या बेतात.

"अहो, हे तुम्ही आहात."

"कुठे? हां. बघ, नळ कसा निघालाय!" भावजी अभिमानाने म्हणाले.

ताईने काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं. नमुना काढावा तसं, थोडं थोडं. जिन्यावरून लोक उतरत होते. ट्रेन आली, गेली.

"मी बसमध्ये उभ्याने झोपते," ती म्हणाली, "आणि तुम्ही लोकांची घरं विकायला मदत करता. फुकट. शी!"

मी दचकलो. भावजी तर पांढरे पडले. ज्या बाईने आयुष्यभर सगळी घाण शांतपणे बघितली, तिला शेवटी शिसारी आली ती आपली, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी नकळत स्वतःचा हात नाकाजवळ नेला आणि वास घेतला.

ताई दुकानात शिरली. "सगळ्यात घाणेरडं घर दाखवा," ती एजंटला म्हणाली. "आणि आज यांची बॅग माझ्याकडे राहील."

ते घर खरोखर भयंकर होतं. पाच मांजरं पाळणाऱ्या एका बाईचं. बाई लेकाकडे गेली होती, मांजरंही गेली होती, वास मागे राहिला होता. तो दारातच भेटला आणि आमच्याबरोबर खोल्याखोल्यांतून फिरला. गालिचा उचलला तर खाली काहीतरी हललं. फ्रीज उघडून मी पटकन बंद केला. आत कुठल्याशा फळाने सरबत व्हायचा निर्णय घेतला होता. पण खिडकी उघडली तर झाडाच्या फांदीपलीकडे थेट स्टेशनचा जिना.

ताई खिडकीपाशी उभी राहिली. तिने गुडघा हाताने चोळला. मला कळलं, घर ठरलं.

भावजी खोलीच्या मधोमध हात खिशात घालून उभे होते. नुसते उभे नव्हते, खिशातल्या खिशात बोटांनी खरवडत होते. समोरच्या भिंतीवर मांजरांनी अंग घासून एक लांबलचक तेलकट पट्टा केला होता.

"फक्त एकच कोपरा," ते पुटपुटले. "अंदाज येण्यापुरता."

"हात बाहेर काढायचे नाहीत," ताई म्हणाली.

तेवढ्यात एजंट दुसरं एक जोडपं घेऊन आला. तरुण, हसरं, छान कपड्यांतलं. "यांनाही आवडेल असं वाटतंय हो!" तो आमच्याकडे बघून घडी मोडत हसला. ती मुलगी खिडकीशी गेली. "अगं बाई, स्टेशन किती जवळ! साफ करून घेऊ ना आपण."

ताईचा चेहरा उतरला. तो भावजींनी बघितला.

आणि मग भावजींनी जे केलं, त्याला मी वक्तृत्व म्हणेन. हात खिशातच होते, फक्त मानेने दाखवत होते.

"साफ? हा पट्टा दिसतोय? हा भिंतीत मुरलाय. पावसाळी हवेत पुन्हा वर येतो. हा पिवळा डाग? विचारू नका. बरं, विचारता तर सांगतो." त्यांनी सांगितलं. "या लाकडाच्या फटींत मांजराचे केस आहेत, केसांत पिसवा आहेत, पिसवांची अंडी आहेत. त्या गालिच्यावर तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच ते मांजर आजारी पडलं होतं. शी! मी धंद्याने डागवाला आहे. खोटं बोलणार नाही. मला स्वतःला उलटी येतेय."

आली नाही, पण चेहरा तसा होता. मुलीने पाय उचलला. मग दुसरा. मग दोघं जिन्यावरून खाली. एजंटचं हसू पहिल्यांदा चुरगळलं.

"काका, हे काय केलंत!"

"आता भाव बोला," ताई म्हणाली. "वासासकट."

सह्या होईपर्यंत भावजींना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. सह्या झाल्या त्या दुपारी ताईने कपाटातून बॅग काढली आणि त्यांच्या हातात दिली. आठवडाभर आम्हाला ते दिसले नाहीत, फक्त ऐकू आले.

आता ताई उजेडी निघते, उजेडी परतते. प्रयोगशाळेत अजून प्रमुख आहे. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. घर असं, की माशीनेही पाय पुसून यावं. भावजी मात्र बेचैन. घरात शी म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते खिडकीत उभे राहून स्टेशनकडे टक लावून बघत होते.

ताई आली. पर्स ठेवली आणि तळहात उलटसुलट करून बघितला.

"अहो, आपल्या बाजूच्या जिन्याचा कठडा आज चिकट लागला नाही. रेल्वेने धुतला वाटतं."

मी भावजींकडे बघितलं. त्यांच्या नखांत काळं होतं. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"शी!" ते म्हणाले. "असल्या कठड्यांना लोक हात तरी कसे लावतात!"