सुनेचा टॅक्स

आमच्या घरात फेब्रुवारी हा महिना बदनाम होता. बाकी जगात तेव्हा आंब्याला मोहर येतो. आमच्याकडे टॅक्स कापला जायचा.

मी आणि माझे यजमान जबलपूरच्या एकाच संरक्षण कारखान्यात कामाला होतो. ते मशीन शॉपमध्ये, मी तपासणीत. मशीनवरून आलेला पुर्जा मापात बसतो की नाही ते बघायचं, नाही बसला तर बाजूला काढायचा, हे माझं काम. यजमानांच्या हातचे पुर्जेही मी बाजूला काढलेले आहेत, आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द बोललेले नाही. ही नोकरी मला वडील वारल्यावर त्यांच्या जागी मिळाली होती. लग्नाच्या आधी मिळाली होती, हे मी मुद्दाम सांगते. सासरच्या कुणाची ती मेहेरबानी नव्हती.

आम्हा दोघांचा हुद्दा एक, पगार जवळजवळ एक, आणि टॅक्सही दोघांना लागायचा. तो वर्षभर थोडा थोडा कापायला हवा, पण ओव्हरटाइम, बोनस धरून खरा आकडा शेवटीच ठरायचा. मग जानेवारीत विम्याच्या आणि पोस्टाच्या पावत्या जमवायची धांदल, आणि जे काही उरेल त्याची कात्री फेब्रुवारीच्या पगारावर.

सासूबाईंचं गणित मात्र निराळं होतं. त्यांच्या मते सरकार नवरा-बायकोची कमाई एकत्र जोडत होतं आणि मोठा आकडा दिसला की त्यांच्या मुलाचा पगार कापत होतं. म्हणजे मी घरी बसले की त्यांच्या मुलाचा टॅक्स वाचणार. जवळच्या शहपुरा गावी राहणारी त्यांची बहीण जबलपुरात अधारतालला आमच्या घरी आली की या मताला खतपाणी मिळायचं.

“तिचा पगार जोडून राहिले ना ते, म्हणून तुझा कापून राहिले,” सासूबाई मुलाला म्हणायच्या.

“आई, दोघांचा हिशेब वेगळा असते.”

“एका घरात दोन हिशेब? काहून येड्यात काढतं मले!”

यजमान एवढ्यावर गप्प बसायचे. त्यांना भांडण नको असायचं. मला चालायचं, पण सासूबाईंशी भांडून मला कुणी मोठेपणा देणार नव्हतं.

एका वर्षी मात्र गोष्ट गळ्याशी आली. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले होते, आमची धाकटी मुलगी सारखी आजारी पडायची, तिच्यामागे धावणं त्यांना झेपेना. त्यांनी सरळ सांगितलं की सुनेनं आता नोकरी सोडावी. घरही सांभाळलं जाईल, टॅक्सही वाचेल. मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, “यंदाचा फेब्रुवारी पाहू, मग ठरवू.” मी कणीक मळत होते. त्या दिवशी ती फार मऊ झाली. वडिलांच्या जागेवरची माझी नोकरी या माणसानं एका महिन्याच्या पगारावर टांगून ठेवली, याचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

आता त्या वर्षीची एक गोष्ट सासूबाईंना ठाऊक नव्हती. बजेटमध्ये कमावत्या बायकांना करात वेगळी सूट मिळाली होती. कँटीनच्या टीव्हीवर ते कळलं तेव्हा आमच्या विभागातले पुरुष माझ्या मागेच लागले होते. “भाभी जी, सरकार तो आपके मायके की निकली!” मी म्हटलं, “भैया, मायके से आया है तो लौटाऊँगी थोड़ी!” सगळे हसले. घरी मी काही बोलले नाही. सांगून कुणाला पटलं असतं?

फेब्रुवारीचा पगार झाला. तेव्हा तो रोख मिळायचा, पाकिटात, बरोबर पगाराची चिठ्ठी. आमच्या घरची रीत अशी की दोन्ही पाकिटं सासूबाईंच्या हातात द्यायची आणि त्यांनी ती देवापुढे ठेवायची, मुलाचं वर, माझं खाली. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि थांबल्या.

“याचं काहून पातळ?”

यजमानांनी चिठ्ठ्या वाचल्या. मग आईला समोर बसवून, त्यांच्या स्वभावाला न शोभेल इतकं ते बोलले: बायकांना सूट मिळाली म्हणून हिचं जवळजवळ काहीच कापलं नाही. माझं कापलं ते माझ्या एकट्याच्या कमाईवर. ही घरी बसली असती तरी माझं तेवढंच कापलं असतं, आणि हे दुसरं पाकीट आलंच नसतं.

“आणि हिनं नोकरी सोडायची नाही,” ते शेवटी म्हणाले. मी आतापर्यंतचा राग त्या वाक्यावर निम्मा माफ केला. निम्मा राखून ठेवला.

सासूबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन पाहिल्या. मग त्यांनी मलाच विचारलं, “म्हणजे सरकार तुझं वेगळं लिहिते? याच्या खाली नाही?”

“नाही आई. माझ्या नावानं लिहितात.”

“माझं नाही लिहिलं कोणी,” त्या म्हणाल्या. तरुणपणी त्या बिड्या वळायच्या, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. “बिड्या मी वळल्या, तंबाखूचा खोकला मी काढला. ठेकेदार समदं तुझ्या सासऱ्याच्या नावावर लिहे. मले वाटे, सगळीकडं असंच असते.”

इतकी वर्षं मी त्यांना हेकट समजत आले होते, आणि बाई तर जे स्वतः भोगलं तेच धरून बसली होती. मी नुसती त्यांच्या शेजारी बसून राहिले.

ती सूट पुढे काही वर्षांनी गेली. नियम येतात, जातात. माझी नोकरी राहिली.

त्याच वर्षी होळीला शहपुऱ्याच्या मावशी आल्या. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. बाहेर त्यांनी नेहमीचा प्रश्न काढला, सून नोकरी कधी सोडणार म्हणून.

“काहून सोडावी तिनं?” सासूबाईंचा आवाज आतपर्यंत आला. “तिथं तिचं नाव लिहिते सरकार. तिचं स्वतःचं.”

कारखान्यात मला दोन बढत्या मिळाल्या. त्यांपैकी एकीच्याही दिवशी माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.