‘थकले’ म्हणायला शिकवणाऱ्या शोभाताई

शोभाताई इंगळे यांची माझी पहिली भेट अमरावतीच्या जलतरण तलावावर, महिलांच्या सकाळच्या वर्गात झाली. आजारपणानंतर माझा श्वास जिन्याच्या सहाव्या पायरीवरच संपत असे. खोल पाण्यात जायची परवानगी मिळाली तरच मी पूर्ण बरी झाले, असे मी मनाशी धरून बसले होते. परवानगी द्यायच्या ताई.

अकोल्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवले. नवशिक्या बाईचा दम मात्र त्या घड्याळावर मोजत नसत. आम्ही उथळ पाण्यात फेऱ्या मारायच्या आणि काठावरून, हातात बांबू घेऊन, त्या गप्पा मारत चालायच्या. पूर्ण वाक्यात उत्तर आले, तर दम शिल्लक आहे. नुसती मान हलली की बांबू पुढे यायचा. तो धरून बाहेर.

मैत्रिणींकडून हे कळल्यामुळे खोल पाण्याच्या चाचणीच्या दिवशी मी उत्तर घरूनच पाठ करून गेले.

“भाजी काय केली वो आज?”

आठवी फेरी होती, छातीत जाळ उठला होता. “वांग्याची भाजी केली, ताई, आणि ज्वारीच्या भाकरी.”

“वांगे कोनाच्या वावरातले?”

मला बोलवेना. बांबू पुढे आला.

“मी थांबले कुठे होते?” मी रडवेली होऊन विचारले.

“थांबली नाई म्हनूनच काढलं. घरी बायकायले थकलो म्हनता येत नाई, मले मालूम हाय. पन पानी काई सासू नाई वो. त्याच्यापासून लपवून काय भेटते?”

मग आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. संध्याकाळी फोन करून छाती दुखते का, तेही विचारले.

पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी झाली. सातव्या फेरीला मी आपणहून कठडा धरला. तो शब्द आजारपणातही मी कुणापाशी उच्चारला नव्हता. “ताई, थकले.”

त्यांनी बांबू खाली ठेवला. “बस पाच मिनिटं. उद्या खोल पान्यात ये.”

दुसऱ्या दिवशी खोल पाण्यावर उताणी तरंगताना मला माझाच श्वास ऐकू येत होता, सावकाश.

ताईंना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. पुढच्या महिन्यात वलगावहून माझी आई वर्गाला येणार आहे. आपण कधी थकतच नाही, असे तिचे म्हणणे आहे. तिला पाण्याबाहेर काढायला काठावर ताईच हव्यात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.