जयवंताबाईंची बिनखर्ची तब्येत

सौंसरला बुद्धविहारामागच्या गल्लीत जयवंताबाईंचं घर आहे, आणि त्या घरातून कचरा निघत नाही अशी त्याची ख्याती आहे. नगरपालिकेची गाडी सकाळी गाणं वाजवत येते, बायका डबे घेऊन धावतात, जयवंताबाई मात्र दारात रिकाम्या हाताने उभ्या राहून गाडीवाल्याच्या पोराबाळांची चौकशी करतात. टाकायला काही असावं तर ना! भाताची पेज वरणात जाते, उरलेलं वरण दुसऱ्या दिवशी कणकेत मळलं जातं, पालकाच्या देठांची चटणी होते आणि संत्र्याच्या साली वाळून भांडी घासायला लागतात.

रामाकोन्याला भावाबहिणींच्या गर्दीत वाढलेली बाई. तिथे अन्न उरणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. लग्न होऊन सौंसरला आल्या, नवरा दादाराव जनपद कार्यालयात बाबू, दर महिन्याला पगार, तरी हात सैल सोडायला त्या काही शिकल्या नाहीत. त्याच पगारात सासू-सासऱ्यांची दुखणी निघाली, वर दोन खोल्या चढल्या, थोरला नितीन शिकून नागपूरला कामाला लागला, लेक प्रियंकाचं लग्न झालं. एवढं सगळं कसं जमवलं, असं कुणी विचारलं की दादाराव छाती काढून म्हणत, "नियोजन!"

नियोजन खरंच होतं. फक्त ते ज्या ताटातून होत होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जयवंताबाईंचंही नव्हतं. "मले भूकच कमी लागते" हे त्या इतकी वर्षं सांगत आल्या होत्या की आता त्यांची स्वतःची तशी खात्री पटली होती.

दादाराव वाईट माणूस नव्हते. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही उगाच त्यांच्यावर दातओठ खाल. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. पण निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि मोबाइल नवा होता. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हाती आल्या की घरच्या बाईने सावध राहिलेलं बरं.

झालं असं की, पौर्णिमेला विहारात खीर वाटायची होती. जयवंताबाई पातेलं उचलायला वाकल्या, ते हातातून सुटलं आणि त्या भिंत धरून खालीच बसल्या. डोळ्यांपुढे अंधार. बायकांनी पाणी मारलं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या नलिनी सिस्टरांनी बोट टोचून रक्त पाहिलं आणि चष्मा वर केला.

"काकू, सात आहे रक्त. चालून कशा राहिल्या तुम्ही? आणि लेकीचं बाळंतपण करतो म्हणता!"

प्रियंका पहिलटकरीण. पावसाळा संपला की माहेरी येणार होती. जयवंताबाईंनी तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक निवडून ठेवला होता. स्वतःचं रक्त सात आहे हे ऐकून त्यांना विशेष काही वाटलं नाही, पण लेकीचं नाव निघाल्याबरोबर त्या उठून बसल्या.

"असंच राहिलं ना," सिस्टर म्हणाल्या, "तर लेक इकडे येईल आणि तुम्ही तिकडे नागपुरात बाटली लावून पडल्या असाल. या गोळ्या घ्या, सरकारी आहेत, फुकट. आणि खाण्याकडे पाहा. लोखंडाच्या कढईत भाजी करा. शेवग्याचा पाला, मोडाची मटकी, गूळ-शेंगदाणे. वरून लिंबू पिळा. जेवणासंग चहा नको. थोडं फिरत जा. महाग काहीच नाही यात."

दादारावांनी सगळं ऐकलं, पण शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात जास्त आवडलं.

त्या दिवसापासून जयवंताबाईंच्या तब्येतीची मोहीम सुरू झाली आणि जयवंताबाईंच्या नाकी नऊ आले. माहेराहून आलेली लोखंडी कढई माळ्यावर पडली होती. दादारावांनी ती माळ्यावर असल्याची आठवण करून दिली, जयवंताबाईंनी ती उतरवली आणि विटकरीने दुपारभर घासून तिचा गंज काढला. शेवग्याचं झाड शेजारच्या वच्छलाबाईंचं. पाला मागायची कल्पना दादारावांची, तोडणं आणि निवडणं जयवंताबाईंचं. ज्याने शेवग्याचा पाला कधी निवडला असेल त्यालाच कळेल, किराणा दुकानातली अख्खी मोहरी मोजणं त्यापेक्षा सोपं. मटकी भिजवणं, फडक्यात बांधणं, मोड आले की नाही ते पाहणं हेही आलंच. फिरणंसुद्धा स्वस्तात बसवलं. भाजीबाजाराला जायचं ते चालत, यायचं ते पिशव्या घेऊन चालत. रिक्षाचे पैसे वाचले आणि व्यायाम वरकड मिळाला. दादाराव सोबत चौकापर्यंत येत आणि तिथे टपरीवर बसून लोकांना सांगत, "तिले म्या फिरायची सवय लावून देली."

गूळ-शेंगदाण्याचे लाडू झाले. जयवंताबाईंनी शेंगदाणे भाजले, सोलले, कुटले, डबा भरून वर ठेवला. त्या डब्याला घरात 'मायचे लाडू' असं नाव पडलं. कुणाल, धाकटा, कंपनीतून शिफ्ट करून आला की उभ्या उभ्या मायचे दोन लाडू खाई. दादाराव सकाळच्या चहाबरोबर मायचा एक लाडू घेत. पाहुणे आले तर त्यांना मोठ्या कौतुकाने मायचे लाडू मिळत. माय डबा पुसून पुन्हा भरत असे.

आणि त्या कढईतली भाजी! शेवग्याचा पाला, वरून लसणाची फोडणी. पहिल्याच दिवशी कुणालने ताट पुढे केलं, "माय, अजून वाढ वो. काय मस्त झाली!" दादाराव म्हणाले, "लोखंडाचा गुण हाय बाप्पा." तव्यावरून भाकर उतरायची ती थेट ताटात. त्या घरची रीतच तशी, निवलेली भाकर दादारावांना चालत नसे. जयवंताबाई चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, एक भाकर थापत, एक शेकत, एक वाढत. सगळ्यांचं आटोपलं की त्या कढई पुढे ओढून भाकरीच्या तुकड्याने ती लख्ख पुसून घेत. काही राहिलं नसेल तर चहात भाकर कुस्करायची. सिस्टरांनी जेवणासंग चहा नको म्हटलं होतं, पण या चहाला जेवण कोण म्हणणार?

बघता बघता घराचं रूप पालटलं. दादारावांचं बीपी उतरलं. कुणालच्या गालावर तजेला आला. नितीन नागपूरहून दोन दिवसांसाठी आला आणि डबाभर लाडू घेऊन गेला. गल्लीत नाव झालं. विहारातल्या महिला मंडळाने ठरवलं की दादारावांनी एका रविवारी येऊन 'बिनखर्चात आईचं आरोग्य' यावर चार शब्द सांगावेत. चार शब्दांवर थांबणारा माणूस जनपद कार्यालयात बाबू होत नाही. दादारावांनी आरशासमोर तयारी सुरू केली. मात्र भाषणाला पुरावा हवा, म्हणून आदल्या दिवशी ते बायकोला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. जाता जाता म्हणाले, "माह्यंबी पाहून घ्या सिस्टर."

दादारावांचं चौदा निघालं.

जयवंताबाईंचं साडेसहा.

सिस्टरांनी यंत्र हलवून पाहिलं. पुन्हा टोचलं. पुन्हा साडेसहा. दादारावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अशी कशी उतरली वो?" ते कळवळून बोलले, त्यात काही खोटं नव्हतं. "पाला चालू हाय, मटकी चालू हाय, लाडू तर घरात हटत नाही. चालणं हाय. म्या सोता ध्यान ठेवून राहिलो!"

"गोळ्या घेतल्या काकू?"

जयवंताबाईंनी पदर सारखा केला. "घेतल्या थोड्या. बाकीच्या ठेवून देल्या."

"कायले?"

"प्रियंकाले लागन ना. बाळंतपणात."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "तिले तिच्या गोळ्या मिळते! फुकटची गोळी बी वाचवता तुम्ही?" मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "शेवग्याची भाजी कशी लागते काकू?"

"एकदम फस्ट क्लास!" दादाराव म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. काकू, तुम्ही सांगा."

जयवंताबाई गोंधळल्या. प्रश्न तसा सोपा होता. दोन महिने रोज ती भाजी त्यांनी तोडली, निवडली, धुतली, फोडणीला टाकली. पण कशी लागते म्हटल्यावर त्यांना आठवली ती फक्त कढईच्या बुडाला लागलेल्या लसणाची चव.

"चांगलीच असन," त्या म्हणाल्या. "सगळ्याइले आवडते. पुरतच नाही."

मग सिस्टरांनी दादारावांकडे खुर्ची वळवली.

"आता एकच सवय. आजपासून आधी काकू जेवतील. पोटभर. त्यांचं झालं की बाकीचे. लेक येईपर्यंत असंच चालवा."

"याले खर्च?" दादारावांनी सवयीने विचारलं.

"एक पैसा नाही."

दादाराव अडकले. बिनखर्चाच्या गोष्टीला नाही म्हणायची त्यांच्यापाशी सोय नव्हती, आणि भाषण तर उद्यावर आलेलं.

त्या संध्याकाळी जयवंताबाईंनी सगळ्या भाकरी थापून टोपलीत झाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट आधी वाढून घेतलं. दादाराव बाहेरच्या खोलीत बसले होते आणि कुणाल दारात मोबाइल पाहत उभा होता. दोघेही आपल्याकडे पाहत नाहीत हे दाखवायची इतकी खटपट करत होते की घास उतरेना. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मनात आलंच.

तेवढ्यात वच्छलाबाई पाल्याची पिशवी घेऊन दारात आल्या. जयवंताबाई जेवताना दिसल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "काय झालं वो माय? तब्येत जास्त बिघडली काय?"

"नाही, नाही. सिस्टरनं सांगतलं," जयवंताबाई चोरी करताना सापडल्यासारख्या ओशाळल्या. वच्छलाबाई "आराम कर माय" म्हणत निघून गेल्या. त्यांच्या लेखी घरातली बाई आधी जेवते ती एक तर पोटुशी असताना, नाहीतर अंथरुणाला टेकल्यावर.

बाहेरून दादारावांचा खोकला आला. थोड्या वेळाने आवाज आला. "भाकर निवून राहिली असन." मग आणखी थोड्या वेळाने, "म्या एका व्हिडिओत पाह्यलं, थंडी भाकर पोटाले बाधते म्हणते."

जयवंताबाईंचा हात जागच्या जागी थांबला. गुडघ्यावर हात टेकून त्या उठायला लागल्याही. तवा जवळच होता, एक भाकर शेकून द्यायला कितीसा वेळ लागणार? पण उठताना डोळ्यांपुढे तोच विहारातला अंधार आला. त्या अंधारात हातातून पातेलं सुटलं होतं. उद्या त्या हातात प्रियंकाचं लेकरू असणार होतं. त्यांना एकाएकी फार भीती वाटली. त्या परत खाली बसल्या.

"बाधत नाही," त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "म्या कितीक वर्सं खाऊन राहिलो."

बाहेर पुन्हा खोकला आला नाही. जयवंताबाईंनी भाजीवर लिंबू पिळलं आणि घास घेतला. पाला थोडा कडवट, मग लसूण, मग आंबट. चांगली लागत होती. सिस्टर पुन्हा भेटल्या तर सांगता येईल, असं त्यांना वाटलं.

त्यांचं झाल्यावर कुणाल बसला. शिफ्टचा थकलेला, भुकेलेला पोरगा, त्याने नेहमीसारखं दोनदा मागून घेतलं. दादारावांनी मात्र, "मी शेवटी जेवतो, तुमी जेवा," असं जाहीर केलं. उद्याच्या भाषणात हे वाक्य चांगलं बसणार होतं.

शेवटी ते पाटावर बसले. जयवंताबाईंनी ताट ठेवलं, टोपलीतली भाकर दिली, कढई पुढे सरकवली आणि ओट्याशी उभ्या राहून त्या संध्याकाळची गोळी पाण्याबरोबर घेऊ लागल्या. दादारावांनी पळी घेतली, कढईत फिरवली. पळी लोखंडावर खरखरली. त्यांनी कढई तिरपी केली, दिव्याकडे धरली. बुडाशी चमचाभर पाला आणि दोन लसणाच्या पाकळ्या होत्या.

त्यांनी कढई हळूच खाली ठेवली.

"अवो," ते म्हणाले, आणि भाषणातला आवाज त्यात कुठेच नव्हता, "रोज एवढीच उरते काय?"

जयवंताबाईंनी गोळी गिळली, पेला उपडा ठेवला.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "आज म्या तुमच्यासाठी म्हणून हात आखडून घेतलं. आज लय हाय."