चवथीचा खड्डा

वत्सलाबाईंना चवथीचा चंद्र मीच दाखवला. सविता, म्हणजे आमची सौभाग्यवती, याला अजून फसवणूक म्हणते. मी विज्ञानप्रसार म्हणतो.

सत्त्याण्णव साली मी दुर्बीण घेतली. गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत ती उभी राहिली, की समोरच्या बिल्डिंगीतले पडदे पटापट ओढले जात. त्या गणेश चतुर्थीला पावसानं उघडीप दिली, मावळतीला कोर दिसली. पण आज चंद्र पाहिला की खोटा आळ येतो, म्हणून घरातलं कुणी वर यायला तयार नाही. आणि ऐकायला कुणी नसलं की माझं ज्ञान मला बाधतं.

तेवढ्यात दुसऱ्या दिवसाची फुलं गच्चीतल्या गारव्याला ठेवायला आमच्याकडे फुलं घालणाऱ्या वत्सलाबाई वर आल्या. साठीच्या, काटक. मखमलाबादला झेंडूचा मळा. मापात मूठभर फुलं जास्त टाकतील, पण बोलण्यात शब्द जास्त टाकणार नाहीत. चवथीला त्या पदर कपाळावर ओढून, जमिनीकडे बघतच चालत.

मी म्हटलं, एक खड्डा बघा. कुठला, ते सांगितलं नाही. भिंगात कोर दिसतच नव्हती. एकच विवर भरून राहिलं होतं.

त्यांनी डोळा लावला तो काढेचनात. मी सुटलो. मोठा धोंडा येऊन आदळला, त्याचा हा खड्डा. काठ चहूकडून उचललेला. कडा आत ढासळल्या, त्याच्या या पायऱ्या. तळ सपाट, आणि मधोमध डोंगर. तो वरून पडलेला नव्हे. दणक्यानं तळ दबला आणि उसळला, खोल खालचा खडक वर आला.

"खालचं वर येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं की."

"आन बुजत नाय?"

वारा नाही, पाऊस नाही, बुजवणार कोण, असं मी ऐटीत म्हणालो आणि ऐटीतच चंद्राचं नाव घेऊन बसलो. त्यांनी पदर ओढला. पण पाहून झालं होतं.

सविता माझ्यावर बरसली. दोष जायला पोथीतली मण्याची गोष्ट वाचून दाखवते म्हणाली. वत्सलाबाई म्हणाल्या, नको, आळ कधीच येऊन गेलाय.

मग कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांची जाऊ, छाया, मळ्यातल्या विहिरीत पडून गेली. वत्सलाबाई शेजारच्याच वाफ्यात फुलं तोडत होत्या. दोघींचं पटत नव्हतं. हिनं हाक ऐकूनही कानाआड केली, असं सासूनं गावभर केलं. भली माणसं म्हणाली, आळ खोटा, पोरीनं चवथीचा चंद्र पाहिला असणार. वत्सलाबाईंच्या नवऱ्यानं विहीर बुजवली. पण दर पावसाळ्यात ती जागा खचते, आणि माती टाकायला गड्यांना त्या जाऊ देत नाहीत. स्वतः पाट्या वाहतात.

त्यानंतर दर महिन्याच्या शुद्ध चवथीला त्या यायला लागल्या. तोच खड्डा लाव म्हणायच्या. एकदा पौर्णिमेला आल्या. उन्हं सरळ पडल्यामुळे सावल्या नव्हत्या, विवर ओळखूच येईना. त्यांना वाटलं, बुजलं. त्या दिवशी वत्सलाबाई हसल्या. मी त्यांना समजावलं, की ते आहे तिथंच आहे. गप्प बसायला मला कधी जमलं आहे?

पुढं मुलांनी मळा बिल्डरला दिला. पाया खणायला यंत्र येणार, नेमकं त्याच जागी. त्या चवथीला वत्सलाबाई फुलांशिवाय आल्या.  त्यांनी दुर्बीण धरली तर ती कापायला लागली. मी डोळा लावून पाहिलं, तर मधला डोंगर भिंगात हलत राहिला. तिथं कुणी उभं असल्यासारखा. मलाच बघवेना, मी बाजूला होऊन त्यांना जागा दिली.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "वत्सलाबाई, इतकी वर्षं झाली. खोटा आळ होता, आता तरी मनातून काढा."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही.

"खोटा नव्हता, भाऊ, हाक मला ऐकू आली व्हती."