तोफेतला खडा

गडगड, गडगड, खट्. लहानपणी किल्ल्यावरच्या तोफेच्या तोंडात कुणीतरी खडा टाकला आणि मी मागच्या टोकाला कान लावला, तेव्हा हा आवाज ऐकला होता.

पुढे त्याच किल्ल्यावर मी राखणदार झालो. दिवसभर दारात बसायचं काम. एका जागी बसणाऱ्या माणसापाशी किस्से साचतात, झाडाखाली पाला साचतो तसे.

किल्ला सातपुड्यात. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. दारात आम्ही तिघं: मी, सीताफळं विकणारी अक्का आणि लोकांना किल्ला दाखवणारा नाना. नानाची शाळा माझ्याएवढीच, चौथी. पण कुणी काही विचारलं आणि त्याला उत्तर आलं नाही, असं कधी झालं नाही.

रावेरकडचे एक केळीवाले भाऊ दुसऱ्यांदा पाहुणे घेऊन आले. नानाची गोष्ट ऐकून म्हणाले, "नाना, हा राजा तर मागच्या वेळी लढाईत मेला होता."

"तो मोठा," नाना म्हणाला. "हा धाकटा."

उत्तरेच्या बुरुजावर मोबाईलला पलीकडचा टॉवर लागतो. धुळ्याचे एक मास्तर घाबरले. "अहो, मध्य प्रदेशात स्वागत आहे असा मेसेज आला!"

"दोन पावलं मागे या मास्तर," नाना म्हणाला, "परत आपल्या राज्यात."

हिवाळ्यात मंडळी वर भरीत पार्टी करतात. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजतात. एका बाईंनी काळा पडलेला दगड दाखवला. नाना हळूच म्हणाला, "शत्रूने आग लावली होती, ताई."

टोपली घेऊन वर आलेली अक्का मागून म्हणाली, "काल तूच वांगा भुंजात ना तठे!"

यंदा खात्याकडून निरोप आला, गाईडला ओळखपत्र लागणार. साहेब येऊन परीक्षा घेणार. नापास झाला तर नानाचं काम बंद.

अक्का म्हणाली, "नाना, आते एकच राजा धर. बठ्ठासले येगळा येगळा कसाले सांगस?"

आठ दिवस नाना, प्रत्येकाला वेगळा राजा सांगायचं सोडून, एकाच राजाची गोष्ट घोकत होता.

साहेब आले ते सरळ दारातल्या त्याच तोफेपाशी. "ही कुणी ओतली?"

नानाने वाकून एक खडा उचलला.

"माहीत नाही, साहेब," नाना म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "पण मागे कान लावून बघा."

साहेब वाकले. नानाने तोफेच्या तोंडातून आत खडा सोडला. गडगड, गडगड, खट्. साहेबांनी कान तसाच ठेवला.

"आणखी एक टाका."

नानाने टाकला.

मग साहेब उठले. बॅगेतून नानाचं ओळखपत्र काढलं, सही केली, तोफेवर ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला, आणि किल्ला उतरायला लागले.