कॉलरच्या डागावर नळीकाकांचा प्रयोग

शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या गृहस्थांना इमारतीत सगळे नळीकाका म्हणत. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत. घरात काही गळलं, गंजलं, आंबलं की वहीत तारीख टाकून बसलेच.

त्या सकाळी लेकीच्या ऑफिसचा समारंभ होता. आधी चेहरा रंगवून मग तिनं मावशीचा उसना पांढरा ड्रेस डोक्यातून घातला. व्हायचं तेच झालं. कॉलरला फाउंडेशन आणि त्यावर लिपस्टिकचा फराटा. ती रडकुंडीला आली. काकू ड्रेस घेऊन मोरीकडे निघाल्या, तर काका आडवे आले. घासलं तर डाग पसरेल, गरम पाण्यानं पक्का बसेल, तेव्हा आधी प्रयोग, असं त्यांनी बजावलं.

आपला जुना पांढरा शर्ट पसरून त्यांनी पेन्सिलीनं सहा वर्तुळं काढली, आकडे घातले. भांड्यांचा साबण, दाढीचा फेस, स्पिरिट, व्हिनेगर, टूथपेस्ट, आणि तुलनेसाठी नुसतं पाणी. आता डाग हवे होते. लिपस्टिकच्या कांडीनं गिरगटलेला डाग खरा नव्हे, तो ओठांनीच पडायला हवा, असं काकांनी लेकीकडे बघत सांगितलं. लेकीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग काकांनी आरशासमोर उभं राहून स्वतःच लिपस्टिक लावली आणि एकेका वर्तुळाचा मुका घ्यायला सुरुवात केली.

चौथ्याला बेल वाजली. काका त्याच तंद्रीत शर्ट घेऊन दाराशी गेले. दारात इमारतीचे सेक्रेटरी. रंगेहाथ म्हणतात तसे काका रंगेतोंड सापडले. सेक्रेटरींनी ओठ पाहिले, शर्ट पाहिला, आकडे पाहिले. मग फरशीकडे बघत, टाकी धुवायची आहे, दहा मिनिटांत पाणी जाईल, असं सांगितलं.

"आत या ना," काका म्हणाले. "अजून दोनच राहिलेत."

सेक्रेटरी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले.

पाणी जाणार म्हटल्यावर काका बादल्या भरायला धावले. तेवढ्यात काकूंनी ड्रेस उलटा करून जुन्या टॉवेलवर ठेवला, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले, बोटानं हलके टिपलं आणि मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडली. डाग गेला. पंख्याखाली वाळवून लेक तो घालून गेलीसुद्धा.

"किती वेळ लागला?" काकांनी पेन्सिल सरसावून विचारलं.

"चहाला उकळी येईपर्यंत."

त्यांनी पहिल्या वर्तुळाशेजारी तसं मांडलं आणि मोठ्या समाधानानं खाली रेघ ओढली.

संध्याकाळी, नवऱ्याकडून शर्टाची हकीकत ऐकून, सेक्रेटरींची बायको काजळाचे डाग पडलेला उशीचा अभ्रा घेऊन वर आली. काका तिला काजळ कोणतं, किती दिवसांचं, झोप कोणत्या कुशीवर, असं बारकाईनं विचारू लागले. तिसऱ्या प्रश्नाला काकूंनी तिच्या हातातून अभ्रा काढून घेतला आणि मोरीत गेल्या. ती मात्र उत्तरं देत बसून राहिली. तिला इतकं नीट कुणी कधी विचारलंच नव्हतं.